हात आणि आठवण : तालयंत्रांचा एक तौलनिक विचार

कोल्हापुरात माझे मामा ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि काँगो वाजवत. गणपती, नवरात्र आणि लग्नसराई हे त्यांच्या कमाईचे दिवस. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आला. आठ रबरी चौकोनांची काळी पेटी, स्टँडवर ठेवलेली. ती वाजवायला एक तरुण मुलगा आला आणि तालवाद्यांच्या रांगेतली दोन माणसे घरी बसली. मामा टिकले, पण त्यांच्या वाट्याला लावणीपुरती ढोलकी उरली. त्या पेटीला ते ‘मशीन’ म्हणत. तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा कसा होई ते मला अजून आठवते.

मामांचा राग मी वारशाने घेतला आणि बरीच वर्षे सांभाळला. यंत्राचा ताल तो मेलेला ताल, असे मी ठामपणे म्हणत असे. संगीतशास्त्राचे औपचारिक शिक्षण मला नाही; जे काही कळते ते ऐकून, वाचून आणि जुनी यंत्रे उघडून पाहून. या यंत्रांचा इतिहास जुळवू लागलो तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की मामांनी ज्याला मशीन म्हटले ते त्या अर्थाने मशीन नव्हतेच. रोलंड कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड १९८५चा. त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. काठी पडली की कोणत्या चौकोनावर, केव्हा आणि किती जोराने पडली एवढा निरोप तो तारेवाटे दुसऱ्या पेटीला देई आणि आवाज त्या दुसऱ्या पेटीतून येई. माणूस थांबला की ऑक्टोपॅड गप्प. त्याला हात लागे. त्याला आठवण नव्हती.

याच्या अगदी उलट जातीची यंत्रेही आहेत. त्यांना आठवण असते, हात लागत नाही. ताल एकदा सांगितला की ती रात्रभर तोच वाजवत राहतात. आणि तिसरी जात या दोहोंच्या संकरातून निघाली. संगणकाला न जोडता स्वतंत्रपणे वाजणाऱ्या तालयंत्रांची तुलना करताना लोक आवाज, किंमत आणि बटणे मोजतात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे : यंत्र माणसाच्या हातातले काय आठवणीत ठेवते आणि काय टाकून देते?

आठवण आधी आली

१९३१ साली लेव्ह थेरेमिन यांनी अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी ‘रिदमिकॉन’ बनवले. एका पट्टीला एक लय. पट्टी दाबून ठेवली की ती लय चालू राही. एका आवर्तनात दोनाला तीन, तीनाला चार अशा लयी एकावर एक रचायच्या हा त्यामागचा हेतू. आपल्याकडचे लयकारीचे जाणकार हे ऐकून हसतील, पण ते यंत्र माणसाला न जमणारे गणित करण्यासाठी होते, माणसाची जागा घेण्यासाठी नव्हे.

जागा घेण्याची गोष्ट १९५९च्या वुर्लिट्झर ‘साइड मॅन’पासून सुरू होते. लाकडी कपाटात एक चकती फिरे, तिच्यावरील संपर्कबिंदूंना विजेचा स्पर्श होई आणि वाल्व्हच्या मंडलांतून ढोलासारखे, झांजेसारखे आवाज निघत. ठेके आधीच ठरलेले : वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट वगैरे. ऑर्गन वाजवणाऱ्या एकट्या माणसाला साथ मिळाली. १९६०च्या दशकात जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी ‘एस टोन’ कंपनीतर्फे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अशाच पेट्या काढल्या. पुढे १९७२ साली त्यांनीच रोलंड स्थापन केली. या सगळ्या पेट्यांची आठवण कारखान्यात भरलेली असे. वाजवणाऱ्याला ठेका निवडता येई, घडवता येत नसे. १९७८च्या रोलंड सीआर-७८ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि आपला ठेका आपण साठवण्याची सोय पहिल्यांदा सामान्य वादकाच्या हाती आली.

सोळा घरे

१९८० साली आलेले रोलंड टीआर-८०८ हे या घराण्यातले सर्वांत गाजलेले यंत्र. त्याच्या खालच्या कडेला सोळा बटणे आहेत. चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. आधी वाद्य निवडायचे, मग ज्या घरात ते वाजायला हवे ते बटण दाबायचे. यंत्र पहिल्या घरापासून सोळाव्यापर्यंत चालत जाते आणि परत पहिल्यावर येते. येथे वाजवणे नाही, मांडणे आहे. चौकटीच्या कागदावर रांगोळी काढावी तसे.

चार-चारच्या चार रंगांत सोळा घरे दिसली की मराठी वाचकाला तीनताल आठवेल. एका घराला एक मात्रा धरून मी तो मांडून पाहिला. तीनतालाच्या प्रचलित ठेक्यात खाली नवव्या मात्रेवर मोजतात, पण बायाँ दहाव्या मात्रेपासून गप्प होतो (तिं तिं ता, आणि पुढच्या विभागाचा पहिला ता) आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर परततो. म्हणजे खर्जाच्या रांगेत १० ते १३ ही चार घरे रिकामी ठेवायची. पहिल्या घरावर जोर देण्याचे बटणही यंत्रात आहे. एवढे केले की भरी-खालीचा सांगाडा उभा राहतो. पण बायाँवर तळहाताची टाच सरकवून तबलजी जी मींड काढतो, तिच्यासाठी त्या रांगेत घरच नाही. घर भरलेले असते किंवा रिकामे असते. दोन घरांच्या मधली जागा यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही.

८०८चे आवाज खऱ्या ड्रमचे नाहीत. त्यातला खर्ज म्हणजे विजेचा क्षणिक धक्का दिल्यावर घंटेसारखे घुमणारे आणि हळूहळू थांबणारे एक मंडल. ते किती वेळ घुमावे हे एका खुंटीने ठरते. खऱ्या ड्रमच्या शोधात असलेल्या स्टुडिओंना हा आवाज पोकळ वाटला. सुमारे १२,००० नग बनवून १९८३ साली उत्पादन थांबले. झांजेच्या सळसळीसाठी त्यात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले जात. कारखान्यांचा दर्जा सुधारला तसे ते मिळेनासे झाले, असे काकेहाशी यांनी सांगितले आहे. मात्र बाजारात पडलेली ही यंत्रे जुन्या मालाच्या भावात विकली गेली आणि न्यूयॉर्क, डेट्रॉइट, मायामी येथील ज्या तरुणांकडे ड्रम घ्यायला पैसे आणि ठेवायला जागा नव्हती त्यांच्या हाती लागली. १९८२ साली आफ्रिका बंबाटाचे ‘प्लॅनेट रॉक’ आणि मार्विन गे यांचे ‘सेक्शुअल हीलिंग’ ही दोन्ही गाणी या पोकळ खर्जावर उभी राहिली.

याच वर्षी हे यंत्र मुंबईतही वाजत होते. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून वर्षानुवर्षे काम केलेल्या चरणजित सिंग यांनी ८०८, रोलंडचेच टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकत्र जोडून भैरवी, ललित, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी चालली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले, कारण शिकागोत १९८७च्या सुमारास जन्मलेल्या ‘अॅसिड हाउस’ संगीताशी तिचे साम्य विलक्षण होते. मला त्यात दुसरेच जाणवते. खाली यंत्र एका धाग्याचीही चूक न करता चालते आणि वर माणसाचा हात रागाची वळणे घेतो. यंत्राला आठवण दिली आणि हात स्वतःकडे ठेवला, अशी ती वाटणी आहे.

ओढून घराशी आणलेला ठोका

त्याच १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन या गिटारवादक-अभियंत्याने एलएम-१ आणले. खऱ्या ड्रमचे मुद्रण अंकांच्या रूपात साठवून वाजवणारे हे पहिले यंत्र. किंमत ५,००० डॉलरच्या आसपास. बनले पाचशेच्या जवळपास. मेमरी इतकी महाग होती की लांबवर झणझणत राहणारी क्रॅश झांज त्यात बसवलीच नाही. प्रिन्सच्या गाण्यांतून हा आवाज जगभर गेला.

आवाजापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र आठवणीच्या बाबतीत घडली. एलएम-१ मध्ये बटणे तालावर प्रत्यक्ष वाजवता येत आणि यंत्र ती नोंद ठेवी. वाजवताना ठोका थोडा पुढे-मागे पडला तर यंत्र त्याला जवळच्या घराशी ओढून आणी. यालाच पुढे ‘क्वांटाइझ’ म्हणू लागले. ज्याचा हात डळमळतो त्याचाही ताल सरळ होऊ लागला. लिन यांनी याच्या जोडीला उतारा म्हणावा अशी एक सोय दिली : ‘स्विंग’. ती समजून घ्यायला थोडे गणित लागते. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा. त्याचे चार समान भाग केले तर प्रत्येक भाग १६७ मिलिसेकंदांचा. स्विंग ५० टक्के म्हणजे भाग अगदी समान. तोच ६२ टक्के केला तर जोडीतला दुसरा ठोका १६७ ऐवजी २०७व्या मिलिसेकंदाला पडतो. हा ४० मिलिसेकंदांचा उशीर मोजता येणार नाही, पण ऐकणाऱ्याची मान डोलायला तेवढा पुरतो. ढोलकीवाला ज्याला ‘वजन’ म्हणतो त्याला येथे पहिल्यांदा आकडा मिळाला. मात्र तो सगळ्यांना सारखाच. प्रत्येक दुसरा ठोका सारख्याच उशिराने येणार.

वादकांना धोका वाटणे साहजिक होते. १९८२ साली ब्रिटनच्या संगीतकार संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालावी असा ठराव केला. आज तो हास्यास्पद ठरवला जातो. कोल्हापुरात घरी बसलेली ती दोन माणसे मला ठाऊक असल्यामुळे मी हसू शकत नाही.

दहा सेकंदांची तिजोरी

कॅलिफोर्नियातील ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे १९८७चे यंत्र आणखी वेगळ्या वाटेने गेले. आवाज कारखान्यात भरलेले नाहीत. वापरणाऱ्याने स्वतः मुद्रित करून भरायचे. अशा यंत्राला सॅम्पलर म्हणतात. न्यूयॉर्कच्या हिप-हॉप कलावंतांनी जुन्या तबकड्यांतले ड्रमचे तुकडे उचलून त्यात घातले. म्हणजे येथे यंत्राने दुसऱ्याच कोणा वादकाचा हात, त्याच्या खोलीच्या घुमाऱ्यासकट, आठवणीत घेतला. तबकडीवरच्या त्या ड्रमरला या नव्या गाण्यातून सहसा काही मिळाले नाही, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे.

या यंत्राची मेमरी एकूण दहा सेकंदांची, आणि एक तुकडा अडीच सेकंदांहून मोठा चालत नसे. त्यावर कलावंतांनी युक्ती काढली. ३३च्या वेगाची तबकडी ४५च्या वेगाने फिरवायची, तो चिरका तुकडा यंत्रात भरायचा आणि आत तो पुन्हा हळू करायचा. वेगांचे गुणोत्तर १.३५, म्हणून दहा सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंदांचा ऐवज मावे. असे ताणल्याने आवाज खरखरीत होई. पुढे ती खरखरच त्या संगीताची ओळख झाली. टंचाईतून आलेला गुण टंचाई संपल्यावर लोकांनी मुद्दाम जपला.

सोळा गाद्या

लिन यांची कंपनी १९८६ साली बंद पडली. मग जपानच्या अकाई कंपनीसाठी त्यांनी एमपीसी-६० घडवले. ते १९८८ साली आले. चार ओळी, चार रांगा, सोळा रबरी गाद्या. बोटांनी जोराने मारा किंवा हलकेच; गादीला ते कळे. आवाज आपले स्वतःचे भरायचे. आणि एका ठोक्याचे ९६ भाग करून नोंद ठेवली जाई, म्हणजे ९०च्या लयीत साधारण सात मिलिसेकंदांपर्यंतचा फरक लक्षात राही. ऑक्टोपॅडचा हात आणि ८०८ची आठवण येथे एका पेटीत आली. क्वांटाइझ हवे तर लावा, नको तर काढा. आपला हात जसा पडला तसा साठवण्याची मोकळीक होती.

या मोकळिकीचे सर्वांत खोल उत्तर डेट्रॉइटच्या जेम्स यान्सी याने, म्हणजे जे डिला याने, दिले. त्याच्या संगीतात स्नेअर किंचित लवकर येतो, खर्ज रेंगाळतो, हाय-हॅट सरळ चालते. एकाच ठेक्यात तीन वाद्ये तीन वेगवेगळ्या समजुतीने लय मोजत आहेत असे वाटते आणि तरी ठेका कोसळत नाही. तो २००६ साली वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी गेला. त्याचे एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयात आहे. गंमत अशी, की त्यानंतरच्या पिढीतले खरे ड्रमर हाडामांसाच्या हातांनी ते अडखळणे वाजवायला शिकले. एके काळी यंत्राने माणसाची नक्कल केली होती. आता माणूस यंत्रात घडलेल्या लयीची तालीम करू लागला.

आजची निवड

आज संगणकावर हे सगळे होत असताना स्वतंत्र पेट्या पुन्हा विकल्या जात आहेत. त्यांची गर्दी पाहून गोंधळ होतो, पण वरची तीन घराणी लक्षात ठेवली तर वाट सापडते.

स्वीडनच्या एलेक्ट्रॉन कंपनीचे डिजिटाक्ट (२०१७) हे सोळा घरांच्या घराण्यातले. मात्र त्यात प्रत्येक घराला स्वतःचे आवाजाचे गुणधर्म देता येतात, घरातला ठोका किंचित मागेपुढे सरकवता येतो, आणि ‘हा ठोका शंभरात पन्नास वेळाच वाजव’ असेही सांगता येते. प्रत्येक रांगेची लांबी वेगळी ठेवता येते. एक रांग सात घरांची आणि दुसरी सोळाची ठेवली तर ११२ घरांनंतरच दोन्ही पुन्हा एकदम पहिल्या घरावर येतात. समेची वाट पाहण्याची सवय असलेल्या कानाला हा खेळ आवडेल. चौकटीच्या कागदाने वाकायला शिकावे तसे हे यंत्र आहे. पण हाताचा वाकडेपणा येथे आकड्यांनी सांगावा लागतो.

अकाईचे एमपीसी लाइव्ह (२०१७) आणि एमपीसी वन (२०२०) हे गाद्यांचे घराणे. डिजिटाक्टची ६४ एमबी मेमरी म्हणजे साधारण अकरा मिनिटांचा एकेरी आवाज. एमपीसीची दोन जीबी, म्हणजे हिशेब तासांत गेला. पडदा आहे, गाणे शेवटपर्यंत आतच पुरे करता येते. धोका एवढाच, की पेटीच्या वेशात तो संगणकच आहे आणि पर्यायांच्या गर्दीत हात थांबून राहतो. एबलटनचे पुश ३ (२०२३) याच वाटेवरचे, पण त्याच्या ६४ गाद्यांवर स्वरही वाजवता येतात आणि गादीवर बोट सरकवून, दाबून स्वर वाकवता येतो. बायाँच्या मींडेला ज्या यंत्रात कुठेच जागा नव्हती, तिला चाळीसेक वर्षांनी इथे थोडी जागा मिळालेली दिसते. रोलंडचे एसपी-४०४ (नवी आवृत्ती २०२१) तुकडे उचलून त्यांना खरखर देणाऱ्यांचे.

ज्याला ताल डोळ्यांनी दिसतो त्याने घरांचे यंत्र घ्यावे, ज्याला तो बोटांत येतो त्याने गाद्यांचे. किमतीचा विचार त्यानंतर. आणि ज्याचा ढोलकीवर हात बसलेला आहे त्याने विकत घेण्याआधी क्वांटाइझ कुठून बंद होते ते शोधून ठेवावे. हे मला कसे कळले ते सांगतो.

मामांचा ठेका

माझ्या पुतण्याने एमपीसी वन घेतले. मागच्या दिवाळीत ते घेऊन तो कोल्हापूरला आला. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे गेले, बोटे शाबूत आहेत. त्यांच्या जुन्या ढोलकीचे चार-पाच बोल आम्ही आधी यंत्रात भरून घेतले आणि पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. ‘हे काय आता माझ्या मांडीवर आणून ठेवलंस?’ म्हणाले, पण हात फिरू लागला. क्वांटाइझ बंद होते. पाच मिनिटांनी त्यांनी धुमाळीचा ठेका धरला आणि आम्ही तो साठवला.

नंतर पडद्यावर त्या नोंदी मोठ्या करून पाहिल्या. ठोके घरांच्या रेषांवर नव्हते, ही अपेक्षा होतीच. पण ते विखुरलेलेही नव्हते. प्रत्येक आवर्तनात ठरावीक बोल रेषेच्या मागेच होता आणि त्यानंतरचा किंचित पुढे. आवर्तनामागून आवर्तन, जवळजवळ त्याच जागी. एका संध्याकाळच्या नोंदीवरून सिद्धान्त मांडायचा नसतो, हे मी जाणतो. तरी माझ्यापुरते एक गृहीत तेथे गळून पडले. माणसाचा ताल चुकांमुळे जिवंत असतो आणि यंत्राचा अचूकपणामुळे मेलेला, असे मी मानत आलो होतो. मामांच्या हातात चूक नव्हती. त्यांचा हातही अचूकच होता, फक्त त्याची घरे वेगळ्या ठिकाणी आखलेली होती.

पुतण्याने मग क्वांटाइझ लावून तोच ठेका ऐकवला. बोल तेच, ढोलकी तीच, सगळे ठोके रेषेवर आलेले. मामा दोन आवर्तने ऐकून म्हणाले, ‘हे मी वाजवलेलं नव्हे.’ आम्ही क्वांटाइझ काढले. ‘हां. हा मी.’

यंत्राने मामांचे काम नेले ते नेलेच. त्याची भरपाई कोणत्याही पेटीत नाही. पण त्या दोन माणसांना घरी बसवले ते ऑक्टोपॅडने नव्हे, एका माणसाच्या पैशात तिघांचे काम करून घेण्याच्या हिशेबाने. यंत्राकडे मात्र एक गोष्ट आहे जी आमच्या घराण्यात कोणाकडेच नव्हती. मामांचा मुलगा ढोलकी शिकला नाही, मीही शिकलो नाही. तो ठेका, त्या मागेपुढे पडणाऱ्या बोलांसकट, आता पुतण्याच्या पेटीत आहे. पुतण्याने फाईलला मामांचे नाव दिले आहे आणि तिच्यावर क्वांटाइझ लावायचे नाही असे आमच्यात ठरले आहे.